तपकिरी रंगाने केलेली फजिती

आमच्या लॅबचे तंत्रज्ञ काका. त्यांनी सूक्ष्मदर्शकाच्या आयपीसवरून डोळा न हलवता विचारलं, "मॅडम, मधल्या या गोल गोल पेशी कुठल्या?"

मी घाईत होते. दोन दिवसांनी गाइडसमोर आकडे मांडायचे होते. "त्याही इंटरस्टिशियलच असतील. आडव्या कापल्या गेल्या की गोल दिसतात," मी म्हटलं. इंटरस्टिशियल म्हणजे स्नायूंच्या मधल्या जागेत राहणाऱ्या लांबट पेशी, ज्या मी शोधत होते. उत्तर तसं चूकही नव्हतं. लांबट पेशी आडवी कापली की तिचा छेद गोलच येतो. काका "हं" म्हणाले आणि स्लाइड पुढे सरकवत राहिले. त्यांच्या "हं"चे दोन प्रकार आहेत. हा दुसरा होता.

माझं काम माणसाच्या मूत्राशयावर. कर्करोगामुळे काढाव्या लागलेल्या मूत्राशयातला गाठीपासून दूरचा भाग, रुग्णाच्या लेखी संमतीने, आमच्याकडे येतो. त्याच्या स्नायूंच्या जुड्यांमधल्या जागेत कोणत्या पेशी राहतात हे मी बघते. प्रश्नाचं मूळ आतड्यात आहे. सांतियागो रामोन ई काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आतड्याच्या भिंतीत फांद्या फुटलेल्या पेशी पाहिल्या. ते साधे, आदिम न्यूरॉन असावेत असं त्याला वाटलं. न्यूरॉन ते नव्हतेच. पुढे कळलं की जठर मिनिटाला साधारण 3 आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग साधारण 12 अशा लयीत चालतो, ती लय या पेशी देतात. मग मूत्राशयातही असं कोणी ठेका धरणारं आहे का, हे शोधण्याचा मोह कोणाला होणार नाही?

शोधायचं साधन म्हणजे सी-किट. काहाल पेशींच्या पृष्ठभागावर हे प्रथिन असतं. 1992 साली उंदरांच्या पिल्लांना त्याविरुद्धची अँटिबॉडी (ठरावीक प्रथिनाला नेमकं चिकटणारा रेणू) दिल्यावर आतड्याची हालचाल बिघडली, आणि तेव्हापासून सी-किट ही काहाल पेशींची जणू पाटीच झाली. मीही तीच पाटी वाचत होते. अँटिबॉडी लावायची, तपकिरी रंग उमटवायचा, मोजायचं. पाच आठवडे मोजलं.

काकांनी आमच्याकडे येण्याआधी बरीच वर्षं पॅथॉलॉजीत काढली होती. त्वचेच्या बायॉप्सीत त्यांनी मास्ट पेशी, म्हणजे ॲलर्जीत भाग घेणाऱ्या, कणांनी भरलेल्या पेशी, इतक्या पाहिल्या होत्या की ओळखीचा माणूस पाठमोरा दिसला तरी कळावा तसं त्यांचं झालं होतं. आणि मास्ट पेशींवरही सी-किट असतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. परीक्षेत विचारलं असतं तर पहिल्या ओळीत लिहिलं असतं.

"टोल्युइडिन ब्लू करून बघू का? शेजारचे सेक्शन ठेवलेत मी," काका म्हणाले.

हा रंग निळा, पण मास्ट पेशीच्या कणांतल्या हेपॅरिनला भिडला की जांभळा दिसतो. काम स्वस्तातलं, तासाभराचंही नाही. आमचे सेक्शन, म्हणजे ऊतीचे पातळ काप, 4 मायक्रॉनचे आणि मास्ट पेशी त्याहून बरीच मोठी, म्हणजे एकाच पेशीचे तुकडे लागोपाठच्या दोन सेक्शनमध्ये सापडतात. एका पडद्यावर तपकिरी सेक्शन, दुसऱ्यावर निळा. एक रक्तवाहिनी खूण म्हणून धरली आणि एकेक पेशी जुळवायला लागलो.

पहिली जांभळी. दुसरी जांभळी. गोल होत्या त्या तर गेल्याच, पण ज्यांच्यावर माझी खरी भिस्त होती, स्नायूंच्या जुड्यांमध्ये चेपून लांबट झालेल्या, त्याही जांभळ्याच निघाल्या. जागा अरुंद असली की मास्ट पेशीही लांबट होते. दहाव्या-बाराव्या पेशीनंतर मी मोजणं सोडून दिलं. काकांनी सोडलं नाही. शेवटी जांभळ्या न झालेल्या तपकिरी पेशी बोटावर मोजण्याइतक्या उरल्या.

मला सर्वांत जास्त लागलं ते कंट्रोलचं, म्हणजे रंग नीट लागतो ना हे तपासायला सोबत ठेवलेल्या नमुन्याचं. मोठ्या आतड्याचा तुकडा प्रत्येक वेळी सोबत रंगवला होता, त्यात काहाल पेशी अगदी पुस्तकातल्यासारख्या दिसत होत्या. त्या सुंदर कंट्रोलकडे बघून मी निर्धास्त होते. पण अँटिबॉडी चालते, एवढंच तो सांगत होता. मूत्राशयात ती कोणाला जाऊन चिकटली, हे तो कसं सांगणार?

दुपारी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची वेळ आधीच घेतलेली होती. जावंसं वाटत नव्हतं, पण तिथली वेळ पुन्हा लवकर मिळत नाही. सेक्शन ठेवलेली बारीक जाळी, ग्रिड, आत सरकवली. बराच वेळ नुसते स्नायू आणि कोलॅजन. मग एका मज्जातंतूच्या जुडीलगत एक पेशी आली: लहानसं अंग आणि त्यातून निघालेला लांबच लांब धागा. मध्येच फुगलेला, फुगवट्यात मायटोकाँड्रिया, पुन्हा बारीक. कणांचा मागमूस नाही, म्हणजे मास्ट नव्हे.

शेजारी बसलेली सहकारी म्हणाली, "टेलोसाइट!" लांब धाग्यांच्या अशा पेशींना हे नाव रुमानियाचे शास्त्रज्ञ पोपेस्कू यांनी फाउसोने-पेलेग्रिनी यांच्यासोबत 2010 साली दिलं, त्याआधी ते अशांना काहालसदृश पेशी म्हणत. धाग्याचा बारीक भाग 0.2 मायक्रॉनहूनही कमी जाडीचा, म्हणून साध्या सूक्ष्मदर्शकाला तो धड दिसतच नाही. सकाळी तोंडघशी पडले नसते तर मीही टाळी वाजवली असती.

आता मात्र मी धागा कुठे जातो ते बघत होते. तो चौकटीच्या कडेआधीच तुटला होता. आमचा सेक्शन 70 नॅनोमीटरचा. धागा जरा वर-खाली वळला की पातळीबाहेर गेला. आणि चपटा फायब्रोब्लास्ट, म्हणजे कोलॅजन बनवणारी साधी पेशी, कडेवर कापला गेला तरी असाच लांब धागा दिसतो. सकाळचा गोल छेद आणि आत्ताची लांब रेघ, दोन्हीकडे सुरी कुठून फिरली यावरच सगळं. लागोपाठचे सेक्शन जोडल्याशिवाय खरा आकार कळणार नव्हता. वहीत लिहिलं, "लांब धाग्याची पेशी, मज्जातंतूजवळ." नावाची जागा कोरी ठेवली. सहकारी जरा हिरमुसली.

संध्याकाळी तक्ता उघडून "काहाल पेशी" हा मथळा खोडला आणि "सी-किट असलेल्या पेशी" असं लिहिलं. गाइडना फोन केला. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग प्रश्न आला, "जांभळं करायचं कोणाला सुचलं?"

मी काकांचं नाव सांगितलं. काका तेव्हा मायक्रोटोमवर, म्हणजे काप काढायच्या यंत्रावर, पुढचा ब्लॉक चढवत होते. म्हणाले, "या वेळी तीन-तीन सेक्शन काढतो. एक निळ्यासाठी."