मी हसलो ओ मॅडम

कोल्हापुरात मे महिना म्हणजे चटणीचा महिना. मिरची कुटायच्या डंकावर रांगा, गल्लीभर ठसका, आणि कुणाच्या घरात संकेश्वरी किती, ब्याडगी किती यावर बायकांचं ठाम मौन. त्याच महिन्यात आमच्या लोकल केबल चॅनेलकडे एका मसालेवाल्याची जाहिरात आली. तयार कांदा-लसूण चटणीची. या गावात तयार चटणी विकणं म्हणजे पंचगंगेच्या घाटावर उभं राहून पाणी विकण्यासारखं. त्यामुळं जाहिरात नुसती चांगली असून भागणार नव्हतं, लोकांनी घास थांबवून बघायला हवी होती.

मी तेव्हा चॅनेलच्या जाहिरात विभागात होते. विभाग म्हणजे मी, एडिटिंगचा एक पोरगा आणि एक टेबल. स्क्रिप्ट मी लिहायची, बाईचा आवाज लागला तर तो मीच द्यायचा, आणि पडद्याखाली जो नंबर पळायचा तो फोनही माझ्याच टेबलावर वाजायचा.

जाहिरात वीस सेकंदांची. नवा जावई सासुरवाडीला पहिल्यांदा जेवायला बसलाय. सासू तांबडा रस्सा वाढते. जावई भाकरीचा तुकडा बुडवून घास घेतो, त्याचे डोळे मोठे होतात आणि तोंडातून निघतं, "च्यायला!" सगळं घर गप्प. सासू पदर सावरते. सासरा हातातली भाकरी ताटात ठेवतो, जावयाकडं रोखून बघतो, मग स्वतःच्या वाटीतला एक भुरका मारतो आणि तितक्याच मनापासून म्हणतो, "च्यायला!" मग पाकीट. संपलं.

लिहिताना मला ती शिवी वाटलीच नव्हती. आमच्या गल्लीत मांजरानं दूध सांडलं तरी च्यायला आणि पोरगं दहावीला पहिलं आलं तरी च्यायला. मसालेवाल्या शेठनी तीनदा बघितली, तीनदा हसले. आमच्या संपादकांनी एवढंच विचारलं, "आयला का नको?" मी म्हटलं, "सर, च्यायला म्हणताना जीभ भाजल्यासारखा आवाज येतो." त्यांना पटलं.

रविवारी दुपारी दीडच्या बातम्यांत ती पहिल्यांदा लागली. वेळ मीच निवडली होती. रविवारी दीड वाजता कोल्हापुरातलं प्रत्येक घर मटणाच्या ताटावर असतं, आणि टीव्ही समोर चालू असतो. चटणीला यापेक्षा चांगला मुहूर्त कुठला?

दुसऱ्या ब्रेकनंतर फोन वाजला.

"काय वो हे? जेवाय बसलोय आम्ही. घरात म्हातारी माणसं हाईत."

"काय झालं, काका?"

"ते... जावई ते म्हणतोय की."

"काय म्हणतोय?"

पलीकडं बराच वेळ शांतता. माझा आवाज बाईचा, त्यामुळं त्यांची पंचाईत झाली होती. शेवटी म्हणाले, "तुमाला म्हाईत हाय काय ते," आणि फोन ठेवला.

साडेचारपर्यंत वहीत १९ नोंदी झाल्या. त्यातल्या बहुतेकांनी तो शब्द उच्चारला नाही. "ते", "तसलं", "आईवरनं", असंच. एकानं मात्र तापून मला आणि चॅनेलला अशा शिव्या दिल्या, की त्यांच्यापुढं च्यायला म्हणजे शुभंकरोती. त्याच्या मागं आरडाओरडा ऐकू येत होता, पेठेतल्या चौकात उभा असावा. हीच माणसं शाहू स्टेडियमवर पेठेची टीम खेळत असली की रेफ्रीच्या सात पिढ्या उद्धरतात. आणि एकाची तक्रार निराळीच होती: "च्यायला हे पुण्याकडचं. आपल्यात आयला म्हणत्यात. जरा आपली भाषा ठेवा की." त्याची नोंद कुठल्या रकान्यात करायची ते मला कळेना.

एक निवृत्त मराठीचे शिक्षक होते. त्यांनी व्याकरण सांगितलं. "त्याच्या आयला" असा मूळ प्रयोग, त्यातला "त्या" झिजून गेला आणि च्यायला उरलं. "म्हणजे बाई, पुढचं क्रियापद कुणी बोलत नाही, पण ते तिथं आहे." मला काही बोलता येईना. मी तोवर तो शब्द नुसता आवाज म्हणून वापरला होता. त्यात कुणाची तरी आई होती, हे खरंच.

पण हे सगळे फोन पुसून टाकणारा फोन तीनच्या सुमाराला आला. तरुण बाईचा, दबक्या आवाजात. स्वयंपाकघरातून बोलत असावी, मागं नळ चालू होता.

"मॅडम, ती जाहिरात दाखवू नका ओ."

"वाईट वाटली का?"

"वाईट कुठली? मी हसलो ओ मॅडम. मोठ्यानं हसलो. आणि मामंजी समोर बसलेले. त्यांनी बघितलं."

आमच्याकडच्या बायका 'हसले' म्हणत नाहीत, 'हसलो'च म्हणतात. तिचं ते 'हसलो' मला अजून ऐकू येतं. लग्नाला आठ महिने झालेत म्हणाली. मामंजी स्वतः दारात उभं राहून रिक्षावाल्याला काय काय बोलतात, आणि ती आतून ते न ऐकल्यासारखं करून भाकऱ्या थापते. घर त्यावर चालतं. आज तिला न ऐकल्यासारखं करता आलं नाही. ती हसली, म्हणजे तिला कळलं, हे मामंजींना कळलं.

साडेचारला संपादक आले, रविवारचे, चप्पल फटकारत. कपाटातून केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ ची झेरॉक्स काढली आणि नियम सातवर बोट ठेवलं: असभ्य, सूचक, आक्षेपार्ह मांडणी जाहिरातीत टाळावी. शिवाय ॲस्कीची, म्हणजे १९८५ पासून जाहिरातदारांनी स्वतःच चालवलेल्या परिषदेची संहिता. तीही त्याच नियमात गुंफलेली आहे. तिच्यात कसोटी अशी, की चालू लोकरूढी बघता गंभीर किंवा व्यापक दुखावणूक व्हायला नको.

"१९ म्हणजे व्यापक का?" मी विचारलं.

मला विद्यापीठातला वर्ग आठवत होता. सरांनी १९९९ ची न्यूझीलंडमधली टोयोटाच्या हायलक्स गाडीची जाहिरात दाखवली होती. शेतकऱ्याची गाडी इतकी दणकट, की साधं काम करायला जावं तर काहीतरी मोडतं, आणि दर वेळी एकच इंग्रजी शिवी, "बगर". शेवटी उडी हुकून चिखलात आपटलेला कुत्रासुद्धा तेच म्हणतो. जाहिरातींच्या तक्रारी बघणाऱ्या तिथल्या मंडळाकडे १२० तक्रारी गेल्या, आणि मंडळानं सांगितलं की यानं गंभीर किंवा व्यापक दुखावणूक होणार नाही. उलट २००६ साली ऑस्ट्रेलियानं पर्यटनाच्या जाहिरातीत "ब्लडी" वापरलं, तर ब्रिटनमध्ये टीव्हीसाठी जाहिराती तपासणाऱ्या संस्थेनं ते आधी अडवलं. मग ऑस्ट्रेलियाच्या पर्यटनमंत्री स्वतः तिथं जाऊन बोलल्या, आणि बंदी उठली. वर्गात आम्ही कुत्र्याला पोटभर हसलो होतो. त्या शब्दानं आमचं काहीच बिघडलं नव्हतं. परक्या भाषेतली शिवी आपल्याला टोचत नाही, नुसती गुदगुल्या करते.

हे सगळं मी संपादकांना ऐकवलं. ते म्हणाले, "तिथं कुत्र्याच्या तोंडात होती. तू जावयाच्या तोंडात घातलीस."

मग ठरलं, बीप टाकायचा. पाच मिनिटांचं काम. आठच्या बातम्यांत बीपवाली जाहिरात गेली, आणि फोन दुपारपेक्षा जोरात सुरू झाले.

"मगाशी तरी च्यायला होतं! आता काय म्हणतोय त्यो?"

"पोरगं विचारतंय, बाबा, जावई काय म्हणला? मी काय सांगू?"

गंमत बघा, रात्रीच्या फोनवर च्यायला हा शब्द सगळ्यांना बिनदिक्कत म्हणता येत होता, कारण बीपखाली त्याहून भयंकर काहीतरी आहे अशी प्रत्येकाची खात्री होती. ज्याला जी शिवी येत होती ती त्यानं तिथं बसवली होती. कोल्हापूरकराच्या हातात कोरी जागा द्यायला नको होती. बीपनं सबंध घरासमोर बोट दाखवून सांगितलं होतं, इथं शिवी आहे. आता न ऐकल्यासारखं करायची सोयच राहिली नाही.

शेठचा फोन आला. "आई गं" घाला, असा मीच पर्याय दिला. ते म्हणाले, "मॅडम, आई गं म्हणाय मी दवाखान्याची जाहिरात करतोय काय?"

कल्पना एडिटिंगच्या पोराची. तो फ्रेम थांबवून बसला होता, जावयाचं तोंड 'च्या'वर उघडलेलं. खालच्या मजल्यावर कुणाचा तरी कुकर वाजला. तो म्हणाला, "मॅडम, ही शिट्टी बसंल."

स्वच्छ आवाज हवा म्हणून मी माईक घेऊन खाली गेले. तिथल्या वहिनींनी भात लावला होता, दुसरी शिट्टी व्हायची होती. बाहेरच्या खोलीत त्यांचे सासरे पेपर वाचत बसले होते, दार उघडंच. मी माईक कुकरजवळ धरून उभी. वहिनी कुजबुजल्या, "कशाला हवी ओ शिट्टी?"

"एका जाहिरातीत... एक शब्द झाकायचाय."

"कुठला?"

मी तोंड उघडलं. तोच शब्द दोनदा टाईप केलेली स्क्रिप्ट मी दुपारीच शेठना व्हॉट्सॲपवर परत पाठवली होती. बाहेर पेपरचं पान उलटल्याचा आवाज आला.

"तसलाच एक," मी म्हटलं.

वहिनींनी मान हलवली आणि शिट्टी झाली.

साडेदहाच्या बातम्यांत जावयानं घास घेतला, तोंड उघडलं, शिट्टी वाजली. सासऱ्यानं भुरका मारला, तोंड उघडलं, दुसरी शिट्टी. ओठ वाचता येणाऱ्याला सगळं दिसत होतं. फोन एकच आला, त्या शिक्षकांचा. "ओठ तेच आहेत हो," म्हणाले. मी म्हटलं, "हो सर." ते जरा थांबले. "पण ऐकू येत नाही. असू दे."

मी वही मिटली, दिवे घालवले. जिना उतरताना खालच्या दारात वहिनी उभ्या होत्या, पदर तोंडावर धरून.

"आमचीच की ओ ती शिट्टी! दोन्ही वेळंची!"

आतून त्यांच्या सासऱ्यांनी विचारलं, "काय झालं गं हसायला?"

"काही नाही," वहिनी म्हणाल्या, "कुकरची जाहिरात लागली होती."