रस्त्याच्या पोटातले पाणी

कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांताच्या आग्नेय कोपऱ्यात, अमेरिकेच्या सीमेपासून मोटारीने अर्ध्या तासावर असलेल्या एका दुय्यम महामार्गाची तपासणी आमच्या सल्लागार कंपनीकडे आली, तेव्हा कामाच्या कागदावर ‘दर्जावाढीसाठी पायाची चाचणी’ एवढाच मजकूर होता. महामार्गाचा क्रमांक मी येथे देत नाही, कारण त्या भागात वस्ती इतकी विरळ आहे की क्रमांकावरून माणसेही ओळखता येतील. प्रांताची राजधानी रेजायना येथून वेबर्न आणि एस्टेव्हन ही गावे घेत नॉर्थ पोर्टलच्या सीमानाक्यापर्यंत जाणारा मोठा रस्ता त्यामानाने सुस्थितीत असतो. त्याच्यावर मालमोटारींची रीघ असते, ओव्हरटेकिंगसाठी जादा मार्गिका झालेल्या आहेत आणि त्याच्याकडे राजकारण्यांचे लक्षही असते. खरी दुखणी असतात ती त्याला येऊन मिळणाऱ्या आणि सीमेलगतच्या गावांना जोडणाऱ्या फाट्यांची.

ही दुखणी समजण्यासाठी थोडा मागचा इतिहास सांगावा लागेल. या प्रांतात प्रांतिक महामार्गांची लांबी सुमारे २६ हजार किलोमीटर आहे आणि लोकसंख्या, २०२१ च्या जनगणनेनुसार, साडेअकरा लाखांहूनही कमी. पूर्वी गावोगावी आगगाडीच्या फाट्यावर लाकडी धान्यकोठारे होती. शेतकऱ्याला आपला गहू लहानशा ट्रकने जवळच्या कोठारापर्यंत नेला की काम संपत असे. त्या वाहतुकीसाठी १९६० आणि १९७० च्या दशकांत मातीच्या भरावावर थेट डांबरमिश्रित खडीचा पातळ थर पसरून हजारो किलोमीटर रस्ते ‘धूळमुक्त’ करण्यात आले. त्यांना खडीचा पाया नव्हता, कारण त्यांच्याकडून भार पेलण्याची अपेक्षाच नव्हती. पुढे १८९७ पासून या ना त्या रूपात चालत आलेली धान्याच्या रेल्वेभाड्यातील सवलत १९९५ मध्ये बंद झाली, रेल्वेचे फाटे उखडले गेले, लाकडी कोठारे पाडली गेली आणि त्यांच्या जागी दूरदूर अंतरावर काँक्रीटची मोठी कोठारे उभी राहिली. शेतकऱ्याचा गहू आता आठ आसांच्या जोड-ट्रेलरमधून जातो आणि अशा गाडीचे भरलेले वजन ६० टनांच्या वर असते. त्यात २००८ च्या सुमारास बाकेन खडकातील तेलाची तेजी आली आणि तेलाचे टँकर, वाळूचे ट्रक, विहिरी खोदणारी यंत्रे याच पातळ रस्त्यांवरून धावू लागली.

आसाचा भार दुप्पट झाला की रस्त्याची हानी साधारण सोळा पटीने वाढते, हे अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात झालेल्या रस्ताचाचण्यांतून पुढे आलेले गणित आहे. ते आम्ही विद्यार्थिदशेत परभणीकडच्या काळ्या मातीच्या संदर्भात घोकलेले असते. सस्कॅचेवानच्या दक्षिणेकडील हिमनदीने आणून टाकलेल्या चिकणमातीत, विशेषतः रेजायनाच्या आसपास, आमच्या काळ्या मातीतलीच फुगणारी खनिजे भरपूर आहेत. ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. फरक इतकाच की परभणीची माती गोठत नाही. येथे बर्फ साफ केलेल्या रस्त्याखाली गोठण दोन मीटरपर्यंत खाली उतरते, आणि माझ्या व्यवसायातील सगळी गंमत, सगळी डोकेदुखी त्या दोन मीटरमध्ये साठवलेली असते.

आम्ही तेथे पोहोचलो तो एप्रिलचा शेवट होता. रस्त्याच्या कडेला, यंत्राने ढकललेल्या बर्फाचे काळपट ढीग अजून वितळत होते, शेतांमधली हिमयुगीन तळी काठोकाठ भरलेली होती आणि त्यांच्यावर बदके उतरत होती. रस्त्यावर वसंतातील भारनिर्बंधाच्या पाट्या लागलेल्या होत्या. स्थानिक ग्रामीण पालिकेचे निवडून आलेले प्रमुख, ज्यांना येथे रीव म्हणतात, स्वतः आपली पिकअप घेऊन हजर होते. सत्तरीचे, तेथेच जन्मलेले आणि शेती करणारे ते गृहस्थ होते. दोष कुठे आहे हे त्यांना आधीच ठाऊक होते, किंवा तसे त्यांना वाटत होते. अर्ध्या किलोमीटरचा एक तुकडा दर वसंतात फुटतो, त्याच्या शेजारी एक मोठे तळे आहे, तेव्हा तळ्याचे पाणी रस्त्याखाली शिरते हे उघड आहे. तळे उपसून टाका आणि वर जाड डांबर घाला, असे त्यांचे म्हणणे होते. पालिकेच्या बैठकीत तसा ठरावही झालेला होता.

हा उपाय ऐकायला सोपा असला तरी करायला अवघड होता. त्या भागातील पाणी सूरिस नदीत जाते, ती नदी सीमा ओलांडून नॉर्थ डकोटात शिरते आणि पुढे वळून पुन्हा कॅनडात, मॅनिटोबात येते. २०११ च्या महापुरात याच नदीने रोश पर्से हे गाव बुडवले आणि खालच्या बाजूला मायनॉट शहरातील हजारो लोकांना घरे सोडावी लागली. दोन देशांमधील सामाईक पाण्यासाठी १९०९ चा करार आहे, प्रांतात शेतातील निचऱ्यासाठी परवाना लागतो, आणि वरच्या शेतकऱ्याने उपसलेले पाणी खालच्या शेतकऱ्याच्या पेरणीत जाते हे भांडण तर कोणत्याही कराराइतकेच जुने आहे. तळे रिकामे करण्याचा सल्ला लिहिण्यापूर्वी ते खरोखर दोषी आहे याची मला खात्री हवी होती.

सकाळी आम्ही भार आपटून रस्त्याची लवचिकता मोजणारे यंत्र त्या पट्ट्यावरून फिरवले. गाडीमागे ओढले जाणारे हे यंत्र एका गोल तबकडीवर ठरावीक वजन आदळते आणि त्या धक्क्याने रस्ता किती दबतो हे संवेदकांच्या ओळीने टिपते. धडधाकट महामार्गावर आकडा अर्ध्या मिलिमीटरच्या आत राहतो. येथे चांगल्या भागातही तो दीडच्या आसपास होता, जे पायाविना रस्त्यासाठी वसंतात अनपेक्षित नाही. पण फुटणाऱ्या तुकड्यावर पोहोचताच रस्ता इतका दबू लागला की यंत्राचा भार कमी करून पुन्हा मोजावे लागले. तंत्रज्ञ मुलगा हसत म्हणाला की हे डांबर नसून कातडे आहे. त्याचे बरोबर होते. दुरून येणारा ट्रक जवळ आला की पृष्ठभाग त्याच्या चाकांपुढे लाटेसारखा उचलला जाताना डोळ्यांना दिसत असे.

असाच एक ट्रक आम्हाला थांबवावा लागला, कारण खोदकामाचे यंत्र, म्हणजे बॅकहो, रस्त्यावर आणायचे होते. चालक पंजाबी होता, अमृतसरकडचा. हिंदीत बोलताना त्याने सांगितले की फेब्रुवारीत याच रस्त्यावरून तो भरलेली गाडी बिनधास्त नेतो आणि आता अर्धी भरूनही पोटात गोळा येतो. त्याचे निरीक्षण अचूक होते. गोठलेली माती दगडासारखी असते, म्हणूनच साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत येथे दुय्यम रस्त्यांवरही पूर्ण वजनाची परवानगी मिळते. संकट येते ते वितळताना. रस्ता वरून खाली वितळतो. वरची फूटभर माती मोकळी होते, पण तिच्याखाली मीटर-दीड मीटर गोठलेला थर तसाच राहतो आणि पाण्याला उतरायला वाट उरत नाही.

खोदण्यापूर्वी जमिनीखालच्या वाहिन्यांच्या खुणा करून घेतलेल्या होत्या, कारण तेलाच्या भागात बॅकहोचा एक चुकीचा दात फार महाग पडतो. पहिला खड्डा आम्ही मुद्दाम चांगल्या भागात, तळ्यापासून दूर घेतला. वर बोटभर डांबरी थर, त्याखाली थेट तपकिरी चिकणमाती, ओलसर पण घट्ट, आणि कोपरभर खोलीवर गोठण. पन्नास वर्षांपूर्वीचा भराव लोकांनी केवळ रोलर फिरवून बांधला होता आणि तो अजून टिकून होता.

दुसरा खड्डा फुटणाऱ्या तुकड्यात घेतला. येथे वर वर्षानुवर्षांच्या ठिगळांचा हातभर जाड थर निघाला, आणि तो उचलताच खाली मातीऐवजी स्वच्छ, गोलसर, महागडी खडी दिसली. बॅकहोच्या दुसऱ्या घासाला तिच्यातून पाणी सुटले; पाझरत नव्हे, वाहत. काही मिनिटांत खड्ड्याचा तळ दिसेनासा झाला. पंप लावून पाणी खाली नेल्यावर कडेने खडीचा थर सुमारे दोन फूट खोल असल्याचे दिसले, त्याखाली राखाडी लोण्यासारखी माती आणि तिच्याखाली बर्फाच्या पातळ चकत्या चमकणारी गोठलेली चिकणमाती. आणखी दोन ठिकाणी साइडपट्टीच्या बाजूला उकरून पाहिले, तर खडी रस्त्याच्या मधल्या भागातच होती. साइडपट्ट्या जुन्या, अभेद्य मातीच्या. म्हणजे पूर्वी कधीतरी, ज्यांनी कोणी हे काम केले त्यांनी, मऊ पडलेली माती काढून तेथे चांगली खडी भरली होती, पण तिच्यातले पाणी कडेच्या चरात जाईल अशी वाट ठेवली नव्हती. चिकणमातीत बांधलेला तो एक हौद होता. वरच्या भेगांतून आणि साइडपट्टीवर वितळणाऱ्या बर्फातून पाणी त्यात उतरत होते, तेथेच साचत होते, हिवाळ्यात गोठताना खालच्या मातीत शोषले जाऊन बर्फाच्या चकत्या बनवत होते, आणि वसंतात सगळे एकदम सुटत होते. दुरुस्ती न झालेला भाग उभा होता आणि दुरुस्त केलेला दर वर्षी कोसळत होता.

रीव खड्ड्याच्या काठावर उभे राहून हे पाहत होते. तरीही पाणी तळ्याचेच असणार, असे ते म्हणाले, आणि त्यांच्या जागी असते तर मीही तेच म्हटले असते. त्यामुळे पंप बंद करून पाणी स्थिर होऊ दिले आणि लेव्हल, म्हणजे उंचीतील फरक मोजणारी तिपाईवरची दुर्बीण, लावली. हौदातील पाण्याची पातळी तळ्याच्या पातळीपेक्षा स्पष्टपणे वर भरली, जवळजवळ गुडघाभर. तळ्याचे पाणी चढावर चालत रस्त्यात येणे शक्य नव्हते. खात्रीसाठी दुपारी जेवणानंतर पुन्हा मोजले, दुर्बिणीतून रीवनाही पाहू दिले. त्यांनी पट्टीवरचा आकडा दोनदा वाचला आणि काही न बोलता टोपी मागे सारली. माझ्या दृष्टीने त्या दिवसाचे सर्वांत मोलाचे मोजमाप हेच होते. लाखभर डॉलरचे यंत्र जे सांगू शकले नाही ते तिपाईवरच्या साध्या दुर्बिणीने सांगितले. शिवाय पाणी तळ्यापेक्षा उंच असल्यामुळे ते उताराने कडेच्या चरात काढता येणार होते आणि तळ्याला हात लावण्याची गरजच नव्हती.

अहवालात मी सुचवलेला क्रम अनेकांना रुचला नाही. आधी साइडपट्ट्यांतून तिरके चर खोदून त्यांत खडी आणि गाळणारे कापड घालावे, हौद रिकामा करावा, कडेचे गवताळलेले चर खोल करावेत आणि एक बुजलेली मोरी बदलावी. मग भराव सुमारे मीटरभर उंच करून त्यावर पूर्ण रुंदीचा खडीचा पाया घालावा, इतका रुंद की खडीची कड चराच्या उतारावर उघडी दिसावी. डांबर सगळ्यांत शेवटी. या भागात चांगली खडी सगळीकडे सापडत नाही, ती लांबून आणावी लागते आणि खर्चाचा मोठा वाटा तिच्या वाहतुकीतच जातो. त्यामुळे एकाच हंगामात सगळे करायचे म्हटले तर कंत्राटदार पाया पातळ करण्याचा मार्ग शोधणार हे अनुभवाने माहीत होते.

महिन्याभराने पालिकेच्या यंत्रशाळेत, रस्ता सपाट करणाऱ्या ग्रेडर यंत्राच्या शेजारी मांडलेल्या खुर्च्यांवर बैठक झाली. डांबर पुढच्या वर्षावर जाते, मधल्या काळात रस्ता खडीचा राहतो, हे ऐकून कुजबूज सुरू झाली. खडीचा रस्ता परत आणणे म्हणजे गावाची पदावनती, असे येथील लोकांना वाटते, आणि त्यामागची भावना खोटी नाही. धूळ, फुटलेल्या काचा, रुग्णवाहिकेला लागणारा जास्त वेळ हे सगळे त्यांनाच सोसावे लागते. मी एवढेच म्हणाले की खडीचा रस्ता बिघडला तर ग्रेडर त्याला दुपारभरात सारखा करतो, आणि पोटात पाणी असलेले डांबर बिघडले तर त्याला फक्त ठिगळ लावता येते. माझे मत आजही तेच आहे: भार न पेलणाऱ्या पातळ डांबरापेक्षा नीट राखलेली खडी बरी, आणि प्रांतातील काही रस्ते पुन्हा खडीचे झाले त्याबद्दल जितकी हळहळ व्यक्त होते तितकी ती सगळीकडे रास्त नाही.

एका शेतकरी बाईंनी विचारले की एवढे करून शेवटी गव्हाचा पूर्ण भरलेला ट्रक उन्हाळ्यात जाऊ शकेल का. भराव आणि पाया आराखड्याप्रमाणे झाला तर जाऊ शकेल, असे मी सांगितले. तोवर सीमेपलीकडचा चांगला रस्ता पाहून आपला रस्ता मोजू नये, असेही सांगितले, कारण तिकडे आंतरराज्य महामार्गांवरची सर्वसाधारण मर्यादाच ३६ टनांची आहे आणि आपण त्याच्या जवळजवळ दुप्पट भार मागत आहोत. रीवनी तळे उपसण्याचा जुना ठराव मागे घेण्याची सूचना स्वतःच मांडली. निचऱ्याचे काम गोठण्यापूर्वी, म्हणजे ऑक्टोबरच्या आत पुरे करण्याचे ठरले, वजनमर्यादेच्या पाट्या तोवर तशाच ठेवण्यालाही कोणी हरकत घेतली नाही. फक्त एक अट त्यांनी इतिवृत्तात लिहून घेतली: हिवाळी वजनाची परवानगी सुरू होईल त्याच दिवशी त्या पाट्या उतरल्या पाहिजेत, कारण कोठारांमधला गहू तेव्हा हलवायचा असतो.