तोगाकुशीचा गार सोबा

जपानमधल्या नागानो स्टेशनवरून बस धरली की तासाभरात माणूस डोंगरातल्या तोगाकुशीत पोचतो. खाली शहरात रस्ते कोरडे होते. घाट चढू लागलो तसा कडेचा बर्फ वाढत गेला, आणि वर, सुमारे १२०० मीटरवर, खिडकीबाहेर नुसती पांढरी भिंत. आम्ही दोघं निघालो होतो ते सोब्यासाठी, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवयांसाठी. देऊळ तिथेच आहे म्हणून दर्शनही. हा क्रम उलटा सांगण्यात अर्थ नाही.

इथल्या देवस्थानाची पाच देवळं आहेत. सगळ्यांत आतलं ओकुशा हिवाळ्यात बंद असतं, पण तिकडे जाणारी दोन किलोमीटरची वाट तुडवलेल्या बर्फावरून निम्मी तरी चालता येते. मध्यावर गवताने शाकारलेला लाल दरवाजा, आणि त्यापलीकडे चारशे वर्षांहून जुन्या सुगी (जपानी सीडर) वृक्षांची दुतर्फा रांग. सूर्यदेवी अमातेरासु गुहेत दडून बसली, तेव्हा एका बलदंड देवाने गुहेचं दार उचलून भिरकावलं. ते इथे पडलं आणि त्याचा डोंगर झाला, अशी कथा आहे. डोंगर त्या दिवशी ढगात होता, त्यामुळे कथेवरच भागवलं.

मग चूशा देवळाजवळच्या दुकानात शिरलो. बूट काढून तातामीवर (जाड जपानी चटईवर) बसलो, पायांत जीव आला आणि मागवला गारच सोबा. गरम रश्श्यातलाही मिळतो, पण त्यात शेवया लवकर मऊ पडतात. इथे कुट्टूचं पीठ एकाच लाटण्याने गोल लाटतात. उकडून गार पाण्यात धुतलेल्या शेवयांच्या पाच-सहा छोट्या जुड्या बांबूच्या गोल चाळणीवर मांडून देतात, पाणी फारसं न निथळता. सोबत किसलेला तिखट मुळा. हा मुळा थेट नाकात जातो! जुडी त्सुयूत, म्हणजे सोया सॉसच्या पातळ रश्श्यात, जेमतेम बुडवायची आणि आवाज करत ओढायची. शेजारचे आजोबा इतक्या जोरात ओढत होते की आमचीही भीड चेपली. (त्सुयूत बहुतेक मासा असतो, शाकाहारी मंडळींनी आधी विचारावं.)

शेवटी सोबा उकडलेलं गरम, दुधट पाणी येतं. ते उरलेल्या त्सुयूत ओतून प्यायचं. खरी ऊब तिथे मिळाली.

आम्ही उठलो तेव्हा दारावर आजचा सोबा संपल्याची पाटी लागली होती आणि दुपार अजून बरीच उरली होती. जाणार असाल तर नागानोहून सकाळचीच बस घ्या.