तुम्ही विचारलंत म्हणून: सोलारिसवर सनचाच लिंकर का?

"सोलारिसवर जीसीसी बांधताना तुम्ही जीएनयूचा लिंकर का घेत नाही?" टीममध्ये नवीन आलेला प्रत्येक जण हे विचारतो. जुन्या माणसाचा हट्ट, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असतं. म्हणून एकदाच सगळं सांगतो. सोलारिस ही सन कंपनीची (२०१० पासून ओरॅकलची) युनिक्स ऑपरेटिंग सिस्टिम; जीसीसी हा जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचा कंपायलर; आणि लिंकर म्हणजे कंपाइल झालेले तुकडे जोडून प्रोग्रॅम किंवा लायब्ररी बनवणारा.

मीसुद्धा आधी तुमच्याच बाजूचा होतो. लिनक्सवर आणि सोलारिसवर एकच लिंकर, एकच मेकफाइल (बिल्डच्या सूचनांची फाइल), यात वावगं काय? पण प्रोग्रॅम चालवताना लायब्ऱ्या जोडणारा एलडी.एसओ.१ सनचा होता, आणि सनच्या लिंकर पॅचमध्ये तो एलडीबरोबरच, म्हणजे त्यांच्या लिंकरबरोबरच, यायचा; दोघं एकमेकांशी जुळवलेले. पुढे सोलारिस १० साठी जीसीसीच्या सूचनांतही असेंब्लर (असेंब्लीचा मशीन कोड करणारा) जीएनयूचा आणि लिंकर सनचा, हीच जोडी होती. पण त्याआधीच, एलडी.एसओ.१ चा मुद्दा पटून, सोलारिस ९ वर मी जीसीसी सनच्या लिंकरवर नव्याने बांधला. मेकफाइल मात्र तशीच ठेवली.

तिच्यात «-एसओनेम» हा जीएनयूचा ऑप्शन होता; लायब्ररीच्या आत तिचं अधिकृत नाव, म्हणजे एसओनेम, लिहिणारा. सनच्या एलडीने तो अक्षरं सुटी करून वाचला: «एस» म्हणजे सिम्बॉल (फंक्शन वगैरेंची नावं) काढून टाक, «ओ» म्हणजे आउटपुट, आणि त्या आउटपुटचं नाव «नेम». पुढे लिहिलेलं लायब्ररीचं नाव «लिबहिशेब.एसओ.१» त्याला इनपुट फाइल वाटली. ती फाइल नसती तर बिल्ड तिथेच थांबला असता आणि मी वाचलो असतो. पण आधीच्या बिल्डची त्याच नावाची प्रत डिरेक्टरीत पडलेली होती. लिंक झाली. «ओ» दोनदा (एक खऱ्या आउटपुटचा, एक हा) आलाय, पहिलाच धरतोय, एवढी एक ओळ लॉगमध्ये होती. ती मी वाचली नाही.

बिल्डच्या डिरेक्टरीतून सगळं चाललं. ग्राहकाकडे मात्र प्रोग्रॅम सुरूच होईना, एलडी.एसओ.१ «../लिब» मधली फाइल मागत होता. ती रात्र मी विसरलेलो नाही. पहाटे फाइलींच्या आतली माहिती दाखवणारा डंप काढला: लायब्ररीत एसओनेम नाहीच, म्हणून प्रोग्रॅममध्ये लिंक करतानाचा पाथ जसाच्या तसा उतरलेला. आणि लायब्ररीला लागणाऱ्या फाइलींच्या यादीत तिचंच जुनं नाव.

मग तुम्ही म्हणता, "म्हणजे सनच्या लिंकरनेच घात केला." नाही. घात झाला तो दोन्ही लिंकरांचे ऑप्शन सारखेच असतील या माझ्या समजुतीने. आणि लक्षात ठेवा, कुठला लिंकर बोलवायचा हे जीसीसी स्वतः बांधला जातानाच ठरतं. नंतर शेलचा पाथ (कमांड शोधायच्या डिरेक्टऱ्यांची यादी) बदला, एलडी हे व्हेरिएबल एक्स्पोर्ट करा, तो ऐकत नाही. «-प्रिंट-प्रोग-नेम=एलडी» देऊन आधी त्यालाच विचारा. सनकडे एसओनेमसाठी «-एच» आहे, आरपाथसाठी (लायब्ऱ्या कुठे शोधायच्या तो पत्ता) «-आर», आणि व्हर्जन स्क्रिप्टच्या (कुठले सिम्बॉल बाहेर दिसावेत ते सांगणारी फाइल) जागी मॅपफाइल.

तरी हेही कबूल करतो: ज्या कोडमध्ये जीएनयूच्या लिंकर स्क्रिप्ट (आउटपुटची मांडणी कशी करायची ते सांगणाऱ्या फाइली) भरलेल्या आहेत, तिथे माझी बाजू लंगडी पडते. एआयएक्सवर (आयबीएमचं युनिक्स) मी क्षणभरही विचार करत नाही, तिथे आयबीएमचाच एलडी. सोलारिसवर मात्र «/ऑप्ट» मध्ये आज दोन जीसीसी आहेत, दोन लिंकरांवर बांधलेले. नवीन काम आलं की कुठला घ्यायचा, यावर माझं स्वतःशीच भांडण होतं. कालही झालं.