एटीव्हीचे ब्रेक पाइप निवडताना

राजापूरकडच्या आमच्या आंब्याच्या बागेत खतं आणि हंगामात पेट्या वाहायला एक जुनी एटीव्ही, म्हणजे खडबडीत वाटेवर चालणारी जाड टायरांची चारचाकी, आहे. आमच्याकडे येण्याआधी ती समुद्रकिनाऱ्यावर पर्यटकांना फिरवायची. यंदा पावसाळ्याच्या तोंडावर ती धुताना पुढच्या डाव्या ब्रेक पाइपला कॅलिपरजवळ (चाकाशी ब्रेक पॅड दाबणारा भाग) बारीक भेगा दिसल्या. पाइप बोटांनी वाकवला की भेग उघडायची आणि आतले धागे दिसायचे. मागे भरलेली ट्रॉली आणि समोर कातळाचा उतार असताना अशा पाइपवर विसंबणं शक्यच नव्हतं. बाकीचे पाइपही त्याच वयाचे, म्हणून सगळेच बदलायचं ठरवलं.

पहिला सल्ला मिळाला तो जेसीबी-ट्रॅक्टरचे हायड्रोलिक पाइप दाबून देणाऱ्या दुकानात. "दादा, हा तर याच्या दुप्पट प्रेशर घेतो, अर्ध्या तासात बनवून देतो." प्रेशरचं ते खरंच सांगत होते. पण त्या पाइपाचं आतलं रबर खनिज तेलासाठी असतं, ब्रेक ऑइलमध्ये ते टिकत नाही. आमच्या ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर डॉट ४ ही ऑइलची प्रत लिहिलीय. ते ग्लायकॉलवर आधारलेलं असतं आणि त्याला ईपीडीएम जातीचं रबर किंवा पीटीएफई (टेफ्लॉन) लागतं. पाइप निवडताना आत काय वाहणार आहे, हे आधी बघायचं.

जुन्या पाइपाच्या मापाचा नवा मागवणं सोपं होतं. पण भेगा नेमक्या टोकालाच का, हे कळल्याशिवाय मला तो मागवायचा नव्हता. गाडी जॅकवर घेतली, पुढची चाकं लोंबकळू दिली आणि हँडल शेवटपर्यंत वळवलं. पाइप तारेसारखा ताणला गेला आणि टोकाच्या धातूच्या टोपणाजवळ मुडपला. आधीच्या मालकाने वाळूसाठी गाडी उंच करून घेतली होती, पाइप मात्र मूळ लांबीचेच ठेवले होते. मग त्याच स्थितीत पाइपाच्या वाटेने सुतळी लावली, एका बँजोच्या (पाइपाच्या टोकाची कडी, जिच्यातून बोल्ट जातो) छिद्राच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत माप घेतलं, हँडल दुसऱ्या टोकाला नेऊन पुन्हा घेतलं आणि जे जास्त भरलं त्यात थोडी ढील धरली. गाडी खाली बसल्यावर तीच ढील टायरला घासणार नाही ना, हेही पाहिलं. बँजोचा कोन प्रत्येक टोकाला वेगळा असतो, म्हणून फोटो काढून ठेवले.

शेवटी स्टीलच्या जाळीचे, आतून पीटीएफई असलेले पाइप घेतले. ते दाबाखाली कमी फुगतात, त्यामुळे लिव्हर घट्ट लागतो. मात्र ते आखूड वळणात मुडपले की कायमचे निकामी होतात. शिवाय जाळी उघडी असेल तर तिच्यात माती अडकते आणि ती बाजूच्या प्लास्टिकला कानशीसारखी घासते. म्हणून वरून प्लास्टिकचं आवरण असलेलेच मागितले आणि खारी हवा लक्षात घेऊन टोकंही स्टेनलेसची. पाइपावर एफएमव्हीएसएस १०६ हे ब्रेक पाइपाचं मानक आणि डॉट (इथे अमेरिकन वाहतूक खात्याची खूण) ही अक्षरं आहेत का, ते पाहिलं. या अमेरिकन मानकात पाइपाला ४,००० पीएसआय दाब २ मिनिटं सोसावा लागतो आणि यंत्रावर सलग ३५ तास हलता राहूनही तो फुटता कामा नये.

बँजो बोल्ट एम१० (१० मिमी जाडीचा) असला तरी आटे १.० किंवा १.२५ मिमी पिचचे, म्हणजे दोन आट्यांमधल्या तेवढ्या अंतराचे, असू शकतात. जुना बोल्ट खिशात घेऊनच दुकानात गेलो आणि नवा त्याच्या शेजारी धरून आट्याला आटा जुळवला. तांब्याचे वायसर सगळे नवे घेतले: एका पाइपाला दोन, आणि एकाच बोल्टवर दोन पाइप आले तर तीन.

बसवताना मिस्त्रींनी पाइपावरच्या लांब पट्टीकडे बोट दाखवलं. बोल्ट आवळताना ती पट्टी गोल फिरू लागली की पाइप पिळला जातोय असं समजायचं. मग त्यांनी बँजो हाताने धरून ठेवला आणि टॉर्क पान्याने (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) बोल्ट आवळला.

सीलबंद डब्यातलं नवं डॉट ४ भरून हवा काढली. ते हवेतली ओल शोषतं. नव्याचा उत्कलनबिंदू किमान २३०° सेल्सिअस असतो, ओल धरलेल्याचा १५५° पर्यंत उतरू शकतो. म्हणून उघड्या डब्यातलं उरलेलं घेतलं नाही. लिव्हर करकचून दाबून धरला आणि प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवला. कागद कोरडाच राहिला, तेव्हा आधी अंगणात, मग रिकाम्या ट्रॉलीसह उतारावर आणि त्यानंतरच भरलेल्या ट्रॉलीसह गाडी नेली.