मामांची स्प्लेंडर आणि वायरींचा गुंता

मामांची हिरो होंडा स्प्लेंडर २००१ सालची आहे. इंजिन अजून खणखणीत, पण गेल्या पावसाळ्यापासून तीन तक्रारी सुरू होत्या. हँडल उजवीकडे पूर्ण वळवलं की गाडी बंद पडायची. हेडलाइटचा बल्ब लावावा आणि तो थोड्याच दिवसांत उडावा. शिवाय हॉर्न दाबला की इंडिकेटर मलूल. गावातल्या गॅरेजवाल्यांचं एकच म्हणणं, वायरिंग किट (सगळ्या वायरींचा तयार संच) बदला. मामाही त्याच मताचे. "नवं किट टाक आन् मोकळा हो की गड्या, कशाला डोस्कं लावतोस?"

किट बदलायला माझी ना नव्हती. पण किट बदलल्यावर बिघाड जातो तो किटमध्येच असला तर, आणि इथे बिघाड नेमका कुठे आहे ते कुणी बघितलंच नव्हतं. बाजारातल्या स्वस्त किटची वायर बारीक असते, कपलरही (वायरी जोडणारे प्लग) सैल बसतात. तेवीस-चोवीस वर्षं टिकलेलं कंपनीचं वायरिंग फेकून त्या जागी ते घालायचं, तर कारण तरी हातात हवं.

हेडलाइट सोडवून पुढे ओढला आणि आतून वायरींचा पुंजका बाहेर आला. वरची काळी टेप उन्हाने वितळून चिकट झालेली, बोटांना तिचा डिंक लागत होता. आत स्पीकरची लाल-काळी चपटी वायर होती. घरातल्या फिटिंगची एक कडक पिवळी वायरही होती, ती वाकवली की आतली तार कट्‌कन मोडायची. सांधे नुसते पीळ मारून जोडलेले. फ्यूजच्या काचेच्या नळीवर कुणीतरी तांब्याची बारीक तार गुंडाळून ठेवली होती, म्हणजे फ्यूज असून नसल्यासारखा. हे पाहिल्यावर बॅटरी सोडवली आणि मगच पुढे हात लावला.

कुठली वायर कशाची, हे मामांनाच विचारलं. त्यांना सगळं आठवत होतं. सुरुवात झाली ती रेस सोडली की हेडलाइट मंद होतो यावरून. हा बिघाड आहे असं समजून कुणीतरी त्यांना पुढे एलईडी बार बसवून दिला. बारमुळे बॅटरी उतरायला लागली, म्हणून बॅटरी बदलली. मग ट्रकसारखा मोठा हॉर्न, रिमोटचा अलार्म, ब्रेक दाबल्यावर लुकलुकणारा दिवा, मोबाइलचा चार्जर. प्रत्येक वस्तू बसवणारा माणूस वेगळा, आणि प्रत्येकाने जी वायर हाताशी आली ती सोलून तिच्यातूनच करंट घेतला.

मुळात रेस सोडल्यावर दिवा मंद होणं हा या गाडीचा दोष नव्हेच, ती तशीच बनवलेली आहे. जुन्या स्प्लेंडरचा हेडलाइट बॅटरीवर चालत नाही. इंजिनबरोबर फिरणाऱ्या मॅग्नेटच्या कॉइलमधून निघणारा एसी करंट थेट त्याला जातो. इंजिन हळू फिरलं की करंट कमी, म्हणून प्रकाशही कमी. हॉर्न, इंडिकेटर आणि ब्रेक लाइट बॅटरीवर. बॅटरी फक्त अडीच अँपिअर-अवरची. चाळीस वॅटचा बार बारा व्होल्टवर सव्वातीन अँपिअरच्या पुढे ओढतो, म्हणजे चार्जिंग नसेल तर भरलेली बॅटरीसुद्धा तो पाऊण तास चालवायची नाही. रात्री उसाच्या वाहतुकीत बार विझून, दिव्याविना गाडी ढकलत घरी आणायची वेळ का यायची, ते मामांना हे गणित मांडून दाखवल्यावर पटलं. त्याआधी दोष बॅटरीच्या दुकानदाराचा होता.

आणखी एक गोष्ट समजून घ्यावी लागते. इंजिन पेटायला या गाडीला बॅटरी लागतच नाही. सीडीआयला, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या डब्याला, करंट पुरवणारी कॉइल वेगळी असते. म्हणून गाडी बंद पडणं आणि हॉर्न-इंडिकेटर मंदावणं ही दोन वेगळी घरं आहेत, दोन्हीचं खापर एकाच वायरवर फोडून चालत नाही. मी वहीत दोन पानं केली, एकावर इंजिन आणि दुसऱ्यावर दिवे-बॅटरी.

वायरींचे रंग होंडाच्या पद्धतीचे आहेत आणि ते एकदा डोक्यात बसले की निम्मं काम झालं. हिरवी अर्थिंगची, म्हणजे बॉडीला आणि बॅटरीच्या मायनसला जोडलेली. लाल बॅटरीची. काळी म्हणजे चावी लावल्यावर करंट येणारी. केशरी डावा इंडिकेटर, आकाशी उजवा. तपकिरी मागचा दिवा, हिरवी-पिवळी ब्रेकची, निळी अप्पर. पांढऱ्या वायरीपाशी सांभाळायचं, कारण हेडलाइटच्या डब्यातली पांढरी डिपरची असते आणि इंजिनकडून वर येणारी पांढरी चार्जिंगची. होंडाच्या पद्धतीत न बसणारी प्रत्येक वायर मागाहून आलेली, असं धरून मी चालत गेलो आणि अंदाज कुठे चुकला नाही.

आधी गाडी बंद पडण्याचं पाहिलं. काळ्या वायरीवर पांढरी रेघ असते ती इंजिन बंद करणारी. चावी बंद केली की ही वायर अर्थला जोडली जाते आणि ठिणगी मरते. म्हणजे हीच वायर कुठे सोलून फ्रेमला टेकली तर चावी चालू असतानाही गाडी बंद पडणार. सीडीआयकडे जाणारी ती वायर सुटी केली, किक मारली, हँडल उजवीकडे पूर्ण वळवलं. इंजिन चालूच राहिलं. (ही वायर सुटी असताना चावीने गाडी बंद होत नाही. ब्रेक दाबून, गिअर टाकून, क्लच सोडून बंद करावी लागते. मामा चावी फिरवत बसले आणि घाबरले.) मग मल्टिमीटर बझरवर ठेवला (दोन टोकं आतून जोडलेली असली की तो वाजतो), चावी चालू केली, एक टोक त्या वायरीला आणि दुसरं फ्रेमला लावलं. हँडल सरळ असताना गप्प, उजवीकडे नेलं की पीऽऽ.

हँडलच्या मानेपाशी जाडी वायरिंग वळते, तिथे अलार्म आणि बारच्या वायरी मूळ वायरिंगसकट प्लास्टिकच्या पट्टीने फ्रेमला आवळून टाकल्या होत्या. तिथे वायरिंगला थोडी ढील लागते. ती न राहिल्यामुळे हँडल वळवलं की वायरिंग ताणली जायची आणि मानेच्या कडेवर घासायची. पट्टी कापली. काळ्या-पांढऱ्या वायरीचं आवरण नखाएवढं गेलेलं, आत तांबं चमकत होतं. शेजारच्या हिरवीलाही ओरखडा होता, पण ती अर्थच असल्यामुळे तिचं काही बिघडलेलं नव्हतं.

बल्ब उडण्याचं कारण आरआर युनिटच्या, म्हणजे दिव्यांचा आणि चार्जिंगचा करंट आवरणाऱ्या डबीच्या, कपलरमध्ये सापडलं. त्याला चार वायरी येतात, पांढरी, पिवळी, लाल आणि हिरवी. दिव्याकडे जाणारा करंट जास्त झाला की युनिट तो हिरव्या वायरीतून उतरवतं. इथे हिरव्याची पिन काळी पडून सैल झाली होती, कपलरचं प्लास्टिकही तिच्याभोवती पिवळट झालेलं. जास्तीच्या करंटला उतरायला वाट नाही, म्हणून रेस वाढवली की सगळा भार बल्बवर. दुकानात नवीन युनिट घ्या म्हणाले असते आणि तेही त्याच सैल पिनेत अडकवलं असतं.

उरली हॉर्नची तक्रार. मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला लावलं आणि दुसरं इंजिनच्या खरवडलेल्या बोल्टाला. इंजिन चालू ठेवून तो ट्रकवाला हॉर्न दाबला. दीड व्होल्टच्या वर आकडा. तो शून्याच्या आसपास हवा. म्हणजे बॅटरी आणि बॉडी यांच्यात अडथळा. मामांनी मध्यंतरी गाडी रंगवून घेतली होती, आणि अर्थचा बोल्ट रंगाच्या जाड थरावरच परत आवळला होता. चार्जिंगचा करंटही बॅटरीतून याच वाटेने इंजिनकडे परततो, त्यामुळे बॅटरी कधी धड भरतच नव्हती. पॉलिश पेपरने लोखंड दिसेपर्यंत रंग घासला, वायरीच्या टोकाचं थिंबल (बोल्टात बसणारी धातूची कडी) नवं लावलं, बोल्ट घट्ट केला आणि वरून ग्रीस चोपडलं.

खरा वेळ गेला तो मागाहून आलेल्या वायरी काढण्यात. एकदम ओढायच्या नाहीत. एक वायर शेवटापर्यंत माग काढत जायचं, जिथे मूळ वायर सोललेली आहे ती जागा उघडी करायची, तांबं काळं पडलं असेल तर तेवढा तुकडा कापून त्याच जाडीची वायर मध्ये घालायची. हीट श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळून बसणारी नळी) आधी सरकवून ठेवायची, मग सोल्डर, मग स्लीव्ह तापवायची. मानेपाशी मात्र सोल्डर केलं नाही. सोल्डरने वायर कडक होते आणि रोज वाकणाऱ्या जागी त्याच्या कडेला तुटते. तिथे सांधा थोडा मागे, टाकीखाली घेतला. वरून डिंकाची टेप न लावता बिनचिकट पीव्हीसी टेप गुंडाळली. फ्यूज मूळ क्षमतेचा, आणि एक जास्तीचा साइड पॅनलच्या आत चिकटवून ठेवला.

काढलेल्या वायरींचा ढीग पाहून मामी म्हणाल्या, "एवढं काढलं, मग गाडी चालतीया कशावर?" रेस दिल्यावर बॅटरीवर चौदा व्होल्टच्या थोडं वर मिळालं आणि हेडलाइट रेसबरोबर उजळून एका ठिकाणी थांबला.

मामांनी ट्रकचा हॉर्न परत मागितला. अलार्म आणि बार यांच्यावर पाणी सोडलं त्यांनी, हॉर्नवर नाही. बऱ्याच घासाघिशीनंतर मोबाइलचा चार्जर तेवढा परत बसवला. त्याला काळ्या वायरीवरून करंट दिला, म्हणजे चावी काढली की तोही बंद, आणि त्याचा फ्यूज वेगळा. हॉर्न गोठ्यात खुंटीला टांगलाय.

न्यूट्रलचा दिवा अजून लागत नाही. पोपटी-लाल वायर इंजिनजवळ सोडवून बॉडीला टेकवली तर स्पीडोमीटरवरचा दिवा लागतो, म्हणजे वायर आणि बल्ब ठीक, इंजिनवरचा स्विच गेलाय. तो डावीकडच्या झाकणाच्या आत, चेनच्या पुढच्या चक्रीपाशी असतो. चेनसेट तसाही बदलायला आलाय, तेव्हा ते झाकण निघेलच.