चित्रातलं कुंकू काळंच होतं

गिरगावातली एखादी चाळ पुनर्विकासाला गेली की थोड्याच दिवसांत माझ्याकडे गर्दी वाढते. पोटमाळे रिकामे होतात, ट्रंका उघडतात आणि दोन पिढ्यांत कुणी न पाहिलेल्या सनदा, पत्रिका, फोटो, चित्रं बाहेर येतात. जुन्या कागदांची डागडुजी हा माझा व्यवसाय. येणाऱ्या बहुतेक वस्तू वाळवी, दमट हवा आणि सेलोटेप या तिघांनी छळलेल्या असतात. (तिघांत सेलोटेप सगळ्यात वाईट, हे जाता जाता सांगून ठेवते.)

त्या दिवशी आलेलं चित्र मात्र तसं ठणठणीत होतं. एक साठीचे गृहस्थ जुन्या चादरीत गुंडाळलेली फ्रेम घेऊन आले. सोबत त्यांच्या आत्या, नव्वदीच्या घरातल्या. "मी नको म्हणत होतो, पण ऐकतच नाही," असं म्हणत त्यांनी आत्यांना खुर्चीत बसवलं. "चित्र माझ्या वडलांचं आहे, तुझ्या नाही," आत्या म्हणाल्या आणि पर्स मांडीवर घेऊन बसल्या.

दीड फूट रुंदीचं चित्र. नऊवारीतली एक तरुणी मेजाशी उभी आहे आणि समईवर एक पत्र जाळते आहे. डाव्या बाजूला दारात एक पुरुष, उपरणं, हातात छत्री, अनवाणी. सगळं करड्या रंगात. तिच्या कपाळावरचं कुंकूसुद्धा काळं.

घरातली कथा अशी, की आजोबांना हे एका संस्थानिकांनी भेट दिलं. तेव्हा म्हणे चित्र रंगीत होतं, साडी अंजिरी होती, चाळीतल्या ओलीने रंग गेले. एका फ्रेमवाल्याने रंग "वर आणून" देतो म्हणून सांगितलं होतं आणि त्याचा आकडाही भक्कम होता. गृहस्थांचं म्हणणं, तेच काम मी करावं, जरा स्वस्तात. "रंग आले की लिलावात देणार आहोत," ते म्हणाले.

रंग उडतात हे खरं, पण सगळे एका चालीने उडत नाहीत. मंजिष्ठेसारखे वनस्पतिजन्य लाल आधी जातात. गेरू, पिवळी माती, काव हे मातीचे रंग शंभर वर्षं उन्हात ठेवले तरी हलत नाहीत. त्यामुळे उडालेल्या चित्रात तांबूस-पिवळट असं काहीतरी बेढब उरतं, एकसारखा करडा कधीच उरत नाही. शिवाय माउंटच्या पुठ्ठ्याखाली उजेड पोचत नाही. तिथे मूळ रंगाची बारीक पट्टी तरी शिल्लक असायला हवी. मी त्यांच्यासमोरच फ्रेम उघडली. पुठ्ठा आम्लाने कुरकुरीत झाला होता आणि त्याच्या कडेने कागदावर तपकिरी चौकट उमटली होती. पट्टीखाली रंगाचा मागमूस नव्हता. तिथे वेगळंच काही होतं, निळ्या पेन्सिलीच्या खुणा.

कडेला बाण, दोन टोकांत माप, इंचांमध्ये. आणि चित्राच्या आत, दारातल्या पुरुषाच्या खांद्यापासून खालपर्यंत एक फिकट निळी उभी रेघ. फ्रेममध्ये असताना ती सावलीत मिसळून गेली होती. खाली काळ्या पेन्सिलीने मोडी वळणाच्या बाळबोधीत महिना, "पान २१२ समोर" आणि प्रसंगाची अर्धी ओळ.

मी दिवे घालवून अतिनील दिवा लावला. तरुणीच्या साडीच्या काठावर, समईच्या ज्योतीवर, पत्राच्या कडेवर पिवळसर हिरवट चमक उठली. जस्ताचा पांढरा, म्हणजे चायनीज व्हाइट. उरलेलं सगळं काजळी काळ्याचं पातळ वॉश. दोनच रंग, तेही पहिल्या दिवसापासून.

"म्हणजे रंग नव्हतेच?"

"नव्हते. हे ब्लॉकसाठी केलेलं चित्र आहे. कादंबरीतलं."

गृहस्थांचा चेहरा उतरला. कादंबरीतलं चित्र म्हणजे त्यांच्या लेखी कॅलेंडरच्या जरा वर.

मग मी त्यांना कॅमेऱ्याचं सांगितलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला छापखान्यासाठी हाफटोन ब्लॉक करायचा तर मूळ चित्राचा फोटो बारीक रेघांच्या काचेतून घ्यायचा. काचेमुळे चित्राचे लहानमोठे ठिपके होतात, ते जस्ताच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर उतरवून आम्लाने कोरतात आणि तो पत्रा अक्षरांच्या खिळ्यांबरोबर छापखान्यात जातो. त्या काळच्या, फोटो उमटवायच्या काचा निळ्या उजेडाला जागायच्या, लालला आंधळ्या. लाल कुंकू काळं यायचं आणि निळी साडी पांढरीफटक. म्हणून जाणता चित्रकार रंगाच्या भानगडीत पडतच नसे. कुंकू लालच्या जागी थेट काळं रंगवून मोकळा. आणि निळी पेन्सिल कॅमेऱ्याला दिसत नाही, म्हणून ब्लॉकवाल्यासाठी मापं, सूचना, कापायच्या रेघा निळ्यात. चित्रावरच लिहिलं तरी छापताना गायब.

दादासाहेब फाळके हेच काम करत होते, हे लोकांना फारसं आठवत नाही. १८८५ साली ते जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले, मग बडोद्याचं कलाभवन, मग ब्लॉक आणि छपाईचा स्वतःचा कारखाना. १९०९ साली ते रंगीत छपाईसाठी जर्मनीलाही जाऊन आले. सिनेमा त्यानंतरचा.

आत्या इतका वेळ गप्प होत्या. मी छापखाना म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "बाबा छापखान्यातच होते की. हिशेब लिहायचे."

"आत्या, तू हे कधी बोलली नाहीस."

"तुम्ही संस्थानिक संस्थानिक करत होता. मला कुणी विचारलं?"

ब्लॉक झाला की मूळ चित्राचं काम संपे. ते कपाटात पडे, रद्दीत जाई किंवा कुणी घरी नेई. या चित्राचं बहुधा तिसरं झालं. संस्थानिक नंतर कधीतरी कथेत शिरले असावेत. आमच्या धंद्यात संस्थानिक फार लवकर शिरतात.

आतापर्यंतचं सगळं मी याआधीही पाहिलेलं होतं. मागचा पुठ्ठा सुटला तेव्हा मात्र मी पाणी आणि बोळा खाली ठेवला. कागदाच्या पाठीवर पेन्सिलीने काढलेलं एक पाऊल होतं. प्लॅस्टरच्या पुतळ्याचं, घोट्यापाशी तोडलेलं, नीट छायाप्रकाश दिलेलं. अंगठ्यापेक्षा शेजारचं बोट लांब, ग्रीक पुतळ्यांत असतं तसं. टाचेशी दुसऱ्या हाताने, जाड आणि अधीर रेषेत केलेली दुरुस्ती. मास्तरांची.

जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं १८५७ साली, सर जमशेटजी जीजीभाईंनी दिलेल्या लाखभर रुपयांच्या देणगीतून. अभ्यासक्रम लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमधल्या कलाशाळेच्या धर्तीचा. आधी सपाट नमुन्यावरून रेखाटन, मग ठोकळे, मग प्लॅस्टरचे ग्रीक-रोमन पुतळे, आणि या पायऱ्या चढल्यावर जिवंत माणूस. शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेल्या प्रत्येक मराठी माणसाने या जिन्याच्या खालच्या दोन पायऱ्या चढलेल्या आहेत, फक्त हे कुणी सांगत नाही. ग्लॅडस्टन सॉलोमन प्रमुख म्हणून आल्यावर १९१९ च्या सुमारास नग्न मॉडेलवरून अभ्यासाचा वर्ग सुरू झाला. तोवर मुंबईच्या पोरांनी माणसाचं शरीर मुख्यतः अपोलो आणि व्हीनसकडून शिकायचं.

आता चित्र उलटं करून दारातल्या पुरुषाचे पाय पाहिले. उपरणं, छत्री, मराठी मध्यमवर्गीय चेहरा, आणि अनवाणी पावलात अंगठ्यापेक्षा शेजारचं बोट लांब. कोन तोच, टाचेची दुरुस्तीही मास्तरांनी सांगितलेली केलेली. मला मोठ्याने हसू आलं. गृहस्थांना वाटलं मी त्यांच्या चित्राला हसतेय. मी त्यांना भिंग देऊन दोन्ही पाय दाखवले. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि स्वतःचा बूट काढून मोज्यातल्या बोटांकडे पाहिलं, तेव्हा आत्याही हसल्या.

कागद महाग, म्हणून वर्गातला जाड कागद पाठीने वापरला. कारण एवढं साधं असेल. पण एकाच कागदाच्या एका अंगाला शाळा आणि दुसऱ्या अंगाला कादंबरी असं इतकं उघड मी पूर्वी हातात धरलं नव्हतं. कलेच्या इतिहासात या दोन गोष्टी वेगळ्या कप्प्यांत असतात. एकीकडे बॉम्बे आर्ट सोसायटीची प्रदर्शनं, पदकं, तैलरंग. दुसरीकडे 'नुसती पुस्तकातली चित्रं'. माणसं तीच होती. महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० साली जे. जे.त शिरले, १८९५ मध्ये सोसायटीचं सुवर्णपदक मिळवलं, १८९६ पासून तिथेच शिकवू लागले, आणि त्याच हाताने एडवर्ड्सच्या मुंबईवरच्या पुस्तकाला (१९१२), किनकेडच्या इंग्रजीतल्या दख्खनी कहाण्यांना (१९१४) आणि पुढे हाजी महंमद अलारखिया यांच्या 'वीसमी सदी' या गुजराती मासिकाला चित्रं दिली. मास्तरच असं करत होते, तर विद्यार्थ्यांनी का करू नये? पोर्ट्रेटची गिऱ्हाइकं थोडी, आणि ती नावाजलेल्यांकडे जायची. मासिकांतून क्रमशः येणारी कादंबरी दर महिन्याला भूक लागल्यासारखी चित्रं मागत होती. हरिभाऊ आपट्यांच्या 'करमणूक'ने १८९० पासून वाचकांना पुढच्या अंकाची वाट पाहायला लावलं, १८९५ मध्ये का. र. मित्रांचं 'मनोरंजन' आलं, त्याच्या १९०९ च्या दिवाळी अंकाने तर एक रिवाजच पाडला.

याच आवाराची आणखी एक गोष्ट. जॉन लॉकवुड किपलिंग १८६५ साली जे. जे.त शिकवायला आले आणि त्याच वर्षी त्यांना मुलगा झाला. तो मुलगा, रुडयार्ड, पुढे इंग्रजीतला प्रचंड खपाचा कथाकार झाला. १९०१ साली त्याची 'किम' आली तिची चित्रं बापानेच केली. तीही रेखाटलेली नव्हेत. मातीची उथळ शिल्पं घडवायची, त्यांचे फोटो काढायचे आणि ते पुस्तकात छापायचे. कलाशाळेतला मास्तर, कादंबरीकार पोरगा आणि मध्ये फोटोवरून छापायचं तंत्र. माझ्या टेबलावरच्या कागदाची रीत तीच होती, फक्त नावं नव्हती.

नाव खरंच नव्हतं. डाव्या कोपऱ्यात, पुरुषाच्या पायाशी, दोन आद्याक्षरं होती. त्यावरून मी कुणाचंही नाव घेणार नाही, घेतलं तर उद्या कॅटलॉगात छापून येईल.

छापलेलं पान शोधणं माझ्या कामात येत नाही, पण राहवलं नाही. "पान २१२" आणि महिना एवढं हाती होतं. मासिकांचे पानांचे आकडे वर्षभर सलग चालत, त्यामुळे त्या महिन्यात दोनशे बारावं पान येईल अशी मासिकं आणि वर्षं मोजकी निघतात. एका जुन्या वाचनालयातले बांधीव खंड पाहत गेले. एका खंडात २१२ समोर गुळगुळीत कागदाची बोटभर पट्टी होती. चित्र कुणीतरी ब्लेडने कापून नेलेलं. बहुधा भिंतीवर लावायला. (मासिकाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर आणखी चार ब्लेडं निघतील.)

पण चित्र गेलं तरी पूर्ण जात नाही. शाईतलं तेल समोरच्या कागदात उतरतं आणि इतक्या वर्षांत तिथला कागद जास्त तपकिरी होतो. पान २१२ च्या मजकुरावर, अक्षरांच्या मागे, एक फिकट आकृती होती, उलटी. मी फोटो काढला, फोनवर आडवा फिरवला, गडद केला. समई. मेज. पत्र धरलेला हात. तरुणी. आणि तिच्या बाजूला काही नाही. चौकट बरोबर निळ्या रेघेवर थांबली होती. दारातला पुरुष, त्याची छत्री, मास्तरांनी दुरुस्त केलेलं ग्रीक पाऊल आणि चित्रकाराची आद्याक्षरं छापलीच नव्हती.

का कापलं असेल? मजकूर वाचला तर कळतं. त्या पानावर तरुणी पत्र जाळते तेव्हा कुणी पाहत नाही. दारात माणूस उभा होता हे पुढे उघड होणार असावं. चित्रकाराने कथा आधी वाचली होती आणि रहस्य चित्रात फोडून ठेवलं होतं. संपादकाने निळी पेन्सिल उचलली. कादंबरीच्या बाजूने पाहिलं तर बरोबरच केलं. चित्र म्हणून मात्र तो माणूस नसेल तर उजव्या अंगाला सगळा तोल जातो, आणि ते छापलेल्या सावलीतही कळत होतं.

हे सगळं मी त्या दोघांना फोटो दाखवून सांगितलं. गृहस्थांचा प्रश्न होता, निळी रेघ पुसता येईल का. येईल. मी पुसणार नाही म्हटलं. लिलावाच्या लोकांना ती डाग वाटेल, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, ती गेली तर हे निनावी करडं चित्र उरेल. असली तर हा छापखान्याचा कागद आहे, त्याचा महिना आहे, पान आहे, समोरच्या पानावर साक्ष आहे. बराच वाद झाला. फ्रेमवाल्याचा आकडा पुन्हा निघाला, या वेळी मी किती स्वस्त पडते हे दाखवायला.

शेवटी आत्यांनी निकाल दिला. विकायचं नाही, रेघ राहू दे, आणि पाऊल दिसेल असं कर. आम्लमुक्त पुठ्ठा, जपानी कागदाच्या बिजागऱ्या, गव्हाची खळ, मागेही खिडकी. दोन्ही बाजूंनी काच असल्याने फ्रेम जड झाली आहे आणि नव्या इमारतीतल्या भिंतीला ती झेपेल का, ही गृहस्थांची चिंता रास्त आहे.

आत्यांची मागणी वेगळी. त्यांना कादंबरी पुढे काय होते ते हवंय. मी त्या खंडातली उरलेली प्रकरणं फोटो काढून दिली, त्यांनी ती टॅबवर मोठी करून वाचली आणि फोन केला. दारातला माणूस नवरा नाही, दीर आहे, हे त्यांनी मला सांगितलं. पत्रात काय होतं ते पुढच्या वर्षात येणार आणि तो खंड त्या वाचनालयात नाही. पुण्यात आणि ठाण्यात विचारून ठेवलंय.